दूरस्थ चाकरी आणि खारा वारा

धनी एका मुलखात आणि चाकर दुसऱ्या मुलखात, ही व्यवस्था संगणकाने अलीकडे निर्माण केली, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे; परंतु पणजीत राहून ती फार काळ टिकत नाही, कारण मांडवीच्या काठावर साडेचारशे वर्षे जो अंमल चालला त्याची मूळ रचनाच अशी होती, की हुकूम लिस्बनला निघावा आणि त्याची तामिली गोव्यात व्हावी. वसंत ऋतूत लिस्बन सोडलेली गलबते आफ्रिकेला वळसा घालून साधारणतः सप्टेंबरच्या सुमारास गोव्यास लागत, उत्तरे डिसेंबर-जानेवारीत परतणाऱ्या जहाजांवर चढत, आणि एका साध्या विचारणेचा निकाल लागण्यास दीड वर्ष जाई. या पत्रव्यवहाराची दप्तरे 'मॉन्सूनची पुस्तके' या नावाने पणजीच्या पुराभिलेखागारात आजही जतन केलेली आहेत. ज्या दप्तरखान्यातून हे पुराभिलेखागार वाढले, त्याचा पहिला अधिकारी म्हणून इतिहासकार दियोगो दो कोउतो याची नेमणूक 1595 मध्ये झाली होती. काम दुरून करता येते, मात्र वारा कोणाच्या सोयीने वाहत नाही, हे त्या काळच्या कारकुनांना कोणी शिकवावे लागले नसेल.

आज जो तरुण पुण्या-मुंबईची किंवा बंगळुरूची खोली सोडून रायबंदर, ताळगाव किंवा पर्वरी येथे भाड्याने राहतो आणि तेथून लंडनच्या पेढीचे हिशेब किंवा न्यूयॉर्कच्या दुकानाची आज्ञावली सांभाळतो, त्याच्या मनात मात्र याच्या नेमकी उलट कल्पना असते. आपण स्थळाच्या बंधनातून मुक्त झालो, असे त्याला वाटते. कचेरी म्हणजे केवळ चार भिंती, खुर्च्या आणि साहेब असे मानले तर हे वाटणे रास्तच आहे. प्रत्यक्षात कचेरी कोरडी हवा, अखंड वीज, ठरलेली वेळ आणि कायदेशीर आसरा अशा कित्येक गोष्टी बिनबोभाट पुरवीत असते. ती सोडणाऱ्याच्या अंगावर यांपैकी प्रत्येक गोष्टीची तजवीज येऊन पडते, आणि उष्ण कटिबंधातील समुद्रकाठच्या शहरात ती इतर कोठल्याही ठिकाणापेक्षा अधिक जड जाते.

मुक्तीचा हा विचार तसा जुना आहे. कामगाराने रोज कामाकडे धाव घेण्याऐवजी कामानेच तारांवरून कामगाराकडे जावे, ही कल्पना जॅक निलेस या अमेरिकी अभियंत्याने 1973 मध्ये पद्धतशीरपणे मांडली. भारतात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1985 मध्ये बंगळुरूस ठाण मांडून उपग्रहाच्या दुव्याने अमेरिकेतील मूळ कंपनीशी काम जोडले. 2020 च्या महामारीने दूरस्थ काम सर्वांच्या गळी उतरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राच्या दूरसंचार खात्याने अशा सेवाकंपन्यांवरील नोंदणीचे बंधन उठवून घरून किंवा कोठूनही काम करण्यास मोकळी मुभा दिली. कागदाची अडचण सरली, हवेची राहिली.

मिठाचा कण आणि यंत्र

पणजीचे राजधानीपद हेच मुळात हवेचे देणे आहे. जुने गोवे साथींनी उजाड होऊ लागले तेव्हा व्हाइसरॉयने प्रथम पणेलीस आणि 1759 मध्ये पणजीस, आदिलशहाच्या वाड्यात, आपले बिऱ्हाड हलवले. 1843 मध्ये पणजीस राजधानीचा रीतसर दर्जा मिळाला. त्या काळी प्रश्न माणसाच्या प्रकृतीचा होता, आता तो यंत्राच्याही प्रकृतीचा झाला आहे, आणि त्याचे मर्म रसायनशास्त्रातील एका लहानशा आकड्यात आहे.

लाटा फुटतात तेव्हा समुद्राचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात, त्यांतील पाणी सुकते आणि उरलेले मिठाचे कण वाऱ्याबरोबर किनाऱ्यावरील घरांत शिरतात. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारणतः 75 टक्क्यांच्या खाली असेपर्यंत हा कण कोरडा व निरुपद्रवी असतो. ती मर्यादा ओलांडली की तो हवेतूनच पाणी खेचून घेतो आणि स्वतः खाऱ्या पाण्याचा थेंब होऊन बसतो. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे, दोन तांब्याच्या रेषांमध्ये पडलेला असा थेंब विद्युत्प्रवाहाला नको तेथे वाट करून देतो आणि धातूला हळूहळू खातो. लॅपटॉपचे चार्जर जेथे खोचतात तेथील पितळी स्पर्शक हिरवट होणे, कळफलकावरील एखादे अक्षर दाबूनही न उमटणे, बिजागरी करकरणे, या साऱ्या तक्रारींच्या मुळाशी बहुधा हाच थेंब असतो. ज्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तेथे ही 75 टक्क्यांची पायरी आठवड्यामागून आठवडे ओलांडलेलीच राहते.

यातून काही व्यवहारोपयोगी नियम निघतात, आणि त्यांपैकी एकदोन तर आपल्या सहजबुद्धीला उलटे वाटणारे आहेत. यंत्राला विश्रांती द्यावी म्हणून ते पावसाळ्यात दिवसचे दिवस बंद करून कपाटात ठेवणे हिताचे नसते. चालू यंत्र आतून उबदार राहते, उबेमुळे त्याच्या लगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते आणि मिठाचा कण कोरडाच राहतो. ठेवायचेच झाले तर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. दुसरे असे, की वातानुकूलित खोलीत 22 अंशांपर्यंत गार झालेले यंत्र एकदम व्हरांड्यात आणू नये; जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू 24-25 अंशांच्या आसपास असतो, आणि त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर, मग ती कॅमेऱ्याची काच असो वा संगणकाची पाठ, तत्काळ दव धरते. पिशवीत गुंडाळून अर्धा तास धीर धरला तर हे टळते.

पुरुमेंत

गोव्यात मे महिन्यात प्रत्येक घर पावसाळ्याची बेगमी करते, तिला पुरुमेंत म्हणतात. सुके बांगडे, सुकी सुंगटे म्हणजे कोळंबी, सोलां म्हणजे आमसुले, चिंच, मिरच्या, उकडे तांदूळ हे सारे पहिल्या पावसाच्या आत भरून ठेवले जाते, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते आणि तिंटोवर, म्हणजे बाजारात, ताज्या मासळीचा भाव विचारण्याची सोय राहत नाही. दूरस्थ चाकरी करणाऱ्यानेही आपले पुरुमेंत असेच वळवाच्या आधी भरले पाहिजे, फक्त त्यात जिन्नस वेगळे.

त्यातला पहिला जिन्नस वीज. वादळी वाऱ्यात माडाची चुडते आणि झाडांच्या फांद्या उघड्या तारांवर पडतात आणि अख्खा वाडा अंधारात जातो. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. घरोघरी आलेली तंतुप्रकाशीय जोडणी बहुधा अशी असते, की केंद्रापासून घरापर्यंतच्या वाटेवर कोठेही विजेची गरज पडत नाही. केंद्राकडे स्वतःचा साठा असतो, आणि गल्लीत अंधार झाला तरी काचेच्या तंतूतून प्रकाश येतच राहतो. तेव्हा संपूर्ण घर उजळणाऱ्या इन्व्हर्टरची ऐपत नसली तरी राउटरपुरती लहानशी 12 व्होल्टची बॅटरी आणि स्वतःचा साठा असलेला लॅपटॉप यांवर दोनतीन तासांचे काम निभावते. तंतूच जर चुडताखाली तुटला, तर मात्र दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल जोडणीचा पर्याय आधीपासून हाताशी हवा. दुसरा जिन्नस अर्थिंग: जुन्या कौलारू घरांत तीन भोकांचा प्लग दिसतो, परंतु त्याची तार जमिनीपर्यंत गेलेलीच नसते, आणि मे महिन्यातल्या विजांच्या कडकडाटात त्याची किंमत मोजावी लागते. भाडे ठरवण्यापूर्वी खिडकीतून नदी दिसते का हे पाहतात. त्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग पाहावे.

दोन घड्याळे

वेळेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पणजीचा बाजार दुपारी एकच्या सुमारास दारे ओढून घेतो आणि साडेतीन-चारपर्यंत निवांत पडतो. उन्हाच्या प्रदेशात शतकानुशतकांच्या अनुभवाने घडलेला हा शिरस्ता आहे, त्याला आळस म्हणणारा माणूस मे महिन्यात तेथे राहिलेला नसतो. परंतु लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. म्हणजे गाव डोळे मिटते त्या घटकेस या माणसाची हजेरी लागते, आणि पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवीत संध्याकाळची पोय, म्हणजे पाव, घेऊन दारावरून जातो, शेजारी घरापुढच्या बल्कांवात येऊन बसतात, त्या वेळी तो कानाला यंत्र लावून अटलांटिकपलीकडच्या कोणाला तरी मान डोलावीत असतो. त्यात अमेरिका आपली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि युरोप त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोनतीन आठवड्यांत दोन्ही खंडांशी बांधलेल्या बैठकांचे गणित कोलमडते. शेजाऱ्यांच्या ओळखीवाचून वर्ष काढलेली माणसे या गावात आढळतात, त्याचे कारण स्वभावात शोधण्यापूर्वी घड्याळात शोधावे.

गावाचा जमाखर्च

आता जो भाग चाकराच्या वहीत लिहिला जात नाही तो. येथील करारनामे बहुधा अकरा महिन्यांचे असतात, कारण 1908 च्या नोंदणी कायद्यान्वये एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांनी घरमालकास भाडे वाढवण्याची आणि भाडेकरूस निघून जाण्याची मोकळीक मिळते. हा व्यवहार उभयतांच्या सोयीचा खरा, पण त्यात तिसरा एक पक्ष आहे. महानगराच्या किंवा परदेशाच्या पगारावर जगणारा मनुष्य जे भाडे निमूटपणे देतो, ते त्याच वाड्यावर वाढलेल्या शाळामास्तराला किंवा दुकानातल्या नोकराला देणे अशक्य होते, आणि नदीकाठ सोडून आत, दूरच्या गावात बिऱ्हाड करून रोज बसने येण्याची पाळी त्याच्यावर येते. ज्या प्रवासातून एकाची सुटका झाली तो प्रवास दुसऱ्याच्या वाट्याला गेला, असा हा हिशेब आहे.

परदेशी पाहुण्यांबाबत कायदा स्पष्ट आहे: पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीस परवानगी नाही. बार्बाडोससारख्या बेटाने 2020 मध्येच दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी बारा महिन्यांचा स्वतंत्र परवाना काढून, येणाऱ्याची मिळकत पाहून व शुल्क घेऊन, या वर्गाला रीतसर खातेपुस्तकात आणले. देशांतर्गत येणाऱ्या आपल्या माणसांना परवाना लागत नाही आणि लागूही नये. परंतु पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणे, कचरा ओला-सुका वेगळा करून देणे, पाणी जपून वापरणे, कोकणीत चार वाक्ये बोलता येणे, ही कर्तव्ये परवान्याविनाही पाळता येतात. मोठा वाटा मात्र कंपन्यांचा आहे. त्यांनी महानगरातील जागेचे भाडे, वीज आणि वातानुकूलनाचा खर्च वाचवला. ती बचत केवळ नफ्यात जमा न करता तिच्यातून बॅटरीचा, दुरुस्तीचा व जोडणीचा भत्ता द्यावा आणि बैठकांच्या वेळा आळीपाळीने दोन्ही बाजूंना गैरसोयीच्या ठेवाव्यात, ही मागणी मुळीच अवाजवी नाही. कचेरी जे पुरवीत होती ते कोणी तरी पुरवायचेच आहे. ते सगळे एकट्या चाकराने आणि आयत्या गावाने का पुरवावे, याचे उत्तर धन्याने दिले पाहिजे.

ज्यांना असे बिऱ्हाड करण्याची मनापासून इच्छा आहे त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की घर पाहण्यासाठी डिसेंबरात येऊ नये. त्या महिन्यात येथील हवा, समुद्र आणि दलाल तिघेही अतिशय गोड बोलतात. जुलैच्या मध्यास यावे, आठवडाभर पूर्ण वेळ काम करावे, भिंतीची ओल, विजेचे जाणे-येणे आणि रात्री दहाची बैठक हे सारे अनुभवावे, आणि त्यानंतरही मन ठाम राहिले तर खुशाल करारनाम्यावर सही करावी.