सागरतळीं जाण्यापूर्वीं

समुद्राची ओढ कोंकणपट्टीला नवी नाहीं. नवी आहे ती त्याच्या पोटांत उतरून तेथील सृष्टि डोळ्यांनीं पाहण्याची हौस. एके काळीं पाण्याखालीं जाणें हें मोतीं वेंचणाऱ्या किंवा जहाजांचीं कामें करणाऱ्या पाणबुड्यांचें कष्टाचें काम होतें. आज सुट्टी लागली कीं पुण्यामुंबईचीं, कोल्हापूर-सांगलीचीं कुटुंबें मालवण-तारकर्लीचा रस्ता धरतात, आणि ज्यांना पोहतांही येत नाहीं अशीं माणसें पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रांत उतरतात. गोव्याचें ग्रँड बेट, मुरुडेश्वरासमोरचें नेत्राणी बेट, अंदमानांतील स्वराज द्वीप हींही अशींच ठिकाणें. प्रत्येक ठिकाणीं केंद्रें अनेक, फलक आकर्षक आणि छायाचित्रें सारखींच मोहक. पाहुण्याच्या हातीं उरते ती केवळ दरांची तुलना, आणि बहुधा निवड होते ती तेवढ्यावरच. वास्तविक ज्या गोष्टीवरून ही निवड व्हावी, ती दरपत्रकांत लिहिलेली नसते. ती उमगण्यासाठीं माणूस पाण्याखालीं श्वास कसा घेतो, हें आधीं थोडें पाहिलें पाहिजे.

१९४३ सालीं फ्रान्समध्यें नौदलाचे अधिकारी जाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां या दोघांनीं आजच्या स्कूबा-साधनाचा पाया घातला. 'स्कूबा' हा शब्द इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा बनलेला असून, पाण्याखालीं श्वास घेण्याचें आणि स्वतःबरोबर वाहून नेतां येणारें साधन असा त्याचा अर्थ आहे. सिलिंडरमध्यें वातावरणाच्या सुमारें २०० पट दाबानें हवा कोंबलेली असते. इतक्या दाबाची हवा तोंडांत घेणें अशक्य. म्हणून मध्यें रेग्युलेटर हें यंत्र बसवितात. माणूस ज्या खोलीवर असेल, तेथील पाण्याच्या दाबाइतकाच हवेचा दाब करून हें यंत्र एकेका श्वासापुरती हवा सोडतें. साधनाची खुबी यांतच आहे, आणि धोक्याचें मूळही यांतच आहे.

समुद्रांत दर १० मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाचा दाब वाढतो. पृष्ठभागावर एकपट असलेला दाब १० मीटरवर दुप्पट व २० मीटरवर तिप्पट होतो. दाब कमी झाला कीं हवा त्या मानानें प्रसरण पावते, हा रॉबर्ट बॉइल यानें १६६२ मध्यें मांडलेला नियम शाळेंत सर्वांनींच वाचलेला असतो. आतां १० मीटर खोलीवर एखाद्यानें फुप्फुसें भरून श्वास घेतला आणि घाबरून, तो तसाच कोंडून, वर धांव घेतली अशी कल्पना करावी. वर पोहोंचेपर्यंत ती हवा दुप्पट जागा मागूं लागते. फुप्फुसांच्या नाजूक पडद्यांना हा ताण सोसत नाहीं. ते फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तांत शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊं शकतात. हा अपघात दीड मीटरइतक्या उथळ पाण्यांतही घडूं शकतो, कारण खोलीच्या मानानें दाबांतील सर्वांत मोठा फरक पृष्ठभागाजवळच असतो. "अहो, पंचवीसच फूट तर जायचें आहे, त्यांत भिण्यासारखें काय?" हें आश्वासन म्हणूनच पोकळ आहे. श्वास कधींही कोंडूं नये आणि वर येतांना घाई करूं नये, हे स्कूबाचे पहिले नियम. आणि घाबरलेला माणूस नेमके हेच विसरतो. चांगल्या केंद्राचें सारें कौशल्य माणसाला त्या घबराटीपर्यंत पोहोंचूं न देण्यांत असतें.

यावरून चांगल्या केंद्राची पहिली खूण लक्षांत येते. पाहुण्यानें प्रश्न विचारण्यापूर्वीं तें केंद्रच पाहुण्याला प्रश्न विचारतें. दम्याचा विकार आहे काय? हृदयाचें दुखणें, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया? औषधें कोणतीं चालूं आहेत? स्त्री गर्भवती तर नाहीं ना? गर्भवतीनें स्कूबाची बुडी घेऊंच नये, याविषयीं वैद्यकांत दुमत नाहीं. साधी सर्दीही येथें क्षुल्लक नसते. खालीं उतरतांना कानांतील दाब वारंवार समतोल करावा लागतो. नाक चोंदलेलें असल्यास तें साधत नाहीं, आणि पडद्याला इजा होते. हे प्रश्न छापील कागदावर असतात. मात्र तो कागद पुढें सरकवून "येथें सही करा" एवढेंच म्हणणारें केंद्र आणि एकेक प्रश्न समजावून सांगून उत्तराची वाट पाहणारें केंद्र, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. 'होय' असें उत्तर आल्यावर डॉक्टरांचें संमतिपत्र मागणाऱ्या केंद्राचा राग न मानतां विश्वास धरावा.

येथेंच एक व्यवहाराचा प्रश्न विचारून ठेवणें हितावह ठरतें. ऐन वेळीं प्रकृतीमुळें किंवा हवामानामुळें बुडी रद्द झाली, तर पैसे परत मिळतात काय? जेथें परत मिळत नाहींत, तेथें सर्दी झालेला पाहुणा ती लपवितो आणि नाविक खवळलेल्या पाण्यांतही बोट काढण्याकडे झुकतो. जेथें परत मिळतात, तेथें दोघांनाही खरें बोलणें परवडतें. ठेवीच्या या एका नियमावरून केंद्राची नीति पुष्कळशी कळून येते.

दुसरी गोष्ट प्रशिक्षकाची. स्कूबाच्या नांवाखालीं दोन निरनिराळ्या वस्तु विकल्या जातात, हें प्रथम ओळखावें. एक म्हणजे तासा-दोन तासांचा अनुभव; यांत प्रशिक्षक पाहुण्याला जवळजवळ हातीं धरून नेतो. दुसरा म्हणजे प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम. यांत वाचन, उथळ शांत पाण्यांतील सराव व समुद्रांतील बुड्या मिळून तीन-चार दिवस लागतात, पोहण्याची परीक्षा असते, आणि उत्तीर्ण झालेल्यास जोडीदारासह साधारणतः १८ मीटरपर्यंत उतरण्याची पात्रता येते. पहिल्या अनुभवाच्या शेवटीं मिळणारा रंगीत कागद हा दुसऱ्याचा पर्याय नव्हे. अनुभवाच्या बुडीसही खोलीची मर्यादा असते. प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतींत ती १२ मीटर मानतात. पाडी, एसएसआय, सीमास, नाउई अशा संस्था प्रशिक्षकांना प्रमाणपत्रें देतात. भिंतीवर त्यांचें बोधचिन्ह रंगविलेलें आहे एवढ्यावर न थांबतां, प्रत्यक्ष पाण्यांत उतरणाऱ्या माणसाचें प्रमाणपत्र व त्याचें चालूं वर्षाचें नूतनीकरण पाहण्यास मागावें. अनेक संस्थांच्या संकेतस्थळांवर हें पडताळूनही पाहतां येतें. खऱ्या प्रशिक्षकाला या मागणीचा अपमान वाटत नाहीं. एका प्रशिक्षकामागें नवखे किती, हेंही विचारावें. पोहतां न येणाऱ्यासाठीं आणि गढूळ पाण्यांत एकास एक हेंच प्रमाण सुरक्षित. आणि प्रशिक्षकाच्या हातांत कॅमेरा असेल, तर पाहुण्यावर लक्ष कोणाचें, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

उतरण्यापूर्वींचा सराव हीही मोठी कसोटी. पाण्याखालीं बोलतां येत नाहीं. सारा संवाद खुणांनीं चालतो. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'उत्तम' असा नसून 'वर चला' असा होतो. ही एकच खूण न सांगितल्यामुळें केवढा घोटाळा होईल! मुखवट्यांत शिरलेलें पाणी बाहेर काढणें, तोंडांतून निसटलेला रेग्युलेटर परत धरणें, कान मोकळे करणें, एवढें तरी कंबरभर पाण्यांत करून घेतल्याविना नवख्याला खोल पाण्यांत नेणारें केंद्र टाळावें.

तिसरी गोष्ट साधनांची. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण येथें हवेलाच लागूं पडते. सिलिंडर भरणाऱ्या काँप्रेसरच्या तोंडाशीं एखाद्या इंजिनाचा धूर येत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु हवेबरोबर आंत जातो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि खोलीवर दाब वाढतांच त्याचा परिणाम अधिक तीव्र होतो. युरोपीय मानकाप्रमाणें श्वासाच्या हवेंत तो दशलक्ष भागांत ५ भागांहून अधिक असूं नये. म्हणून हवा कोठें भरतात आणि तिची तपासणी केव्हां झाली, हें विचारण्यांत शिष्टाचाराचा भंग नाहीं. सिलिंडरच्या खांद्यावर त्याच्या दाबपरीक्षेची तारीख ठोकलेली असते, ती वाचावी. प्रशिक्षकाजवळ स्वतःच्या मुखापुरता एक आणि दुसऱ्याला देण्यासाठीं जादा एक, असे दोन मुखभाग असावे. दाब दाखविणारें घड्याळ चालूं असावें, आणि सिलिंडर पुरता रिकामा होण्यापूर्वीं, सुमारें ५० बार शिल्लक असतांना, वर येण्याची केंद्राची शिस्त असावी.

चौथी गोष्ट बोटीची. पाण्याखालची चिंता करणारा माणूस पाण्यावरचा धोका विसरतो. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीच्या समुद्रांत पर्यटकांना घेऊन किनाऱ्याकडे परतणारी बोट उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. बोटीवर माणसांची संख्या परवान्याप्रमाणें आहे काय, प्रत्येकास जीवरक्षक जाकीट मिळालें काय, बिनतारी यंत्र, प्रथमोपचाराची पेटी आणि शुद्ध ऑक्सिजनचा संच आहे काय, हें चढण्यापूर्वीं पाहावें. पावसाळ्याचे महिने कोंकणच्या समुद्रांत बुडीचे नव्हेत. त्या काळांत "पाहूं, जमवूं" म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवावी.

बुडी संपली तरी केंद्राची जबाबदारी संपत नाहीं. दाबाखालीं श्वास घेतांना हवेंतील नायट्रोजन रक्तांत व शरीरांत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो. दाब एकाएकीं उतरला तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत विकार जडतात. जे. एस. हॉल्डेन यानें शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्यें या विकारापासून बचावाचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. आजच्या पाणबुड्यांच्या मनगटावरील संगणकांची परंपरा तेथूनच सुरू होते. विमानांतील हवेचा दाब जमिनीवरील दाबाहून कमी असतो. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास करूं नये असा संकेत आहे. अंदमानाहून मुंबईस परतणाऱ्यानें शेवटचा दिवस म्हणूनच किनाऱ्यावर काढावा. खोल बुड्या घेतलेल्या माणसानें लगोलग घाट चढणेंही विचारपूर्वक करावें. मालवणहून देशावर येतांना लागणारें आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंचीवर आहे. "येथून पुढें कसे आणि केव्हां जाणार?" असें जें केंद्र आपण होऊन विचारतें, त्याला आपला धंदा कळतो.

समुद्राविषयींची वृत्ति ही शेवटची खूण. मालवणच्या समुद्राचा सुमारें २९ चौरस किलोमीटर भाग १९८७ मध्यें सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. प्रवाळ हा दगड नव्हे. तो सजीवांचा संसार आहे, आणि पायाच्या एका आघातानें मोडलेली फांदी पुन्हां वाढण्यास वर्षें लागतात. प्रवाळावर पाय देऊं न देणारें आणि माशांना पाव टाकून छायाचित्रापुरते जवळ न बोलाविणारें केंद्र माणसांच्या बाबतींतही बहुधा तितकेंच दक्ष असतें.

या साऱ्या खुणा पाहण्यास फार वेळ लागत नाहीं. आदल्या दिवशीं सायंकाळीं केंद्रावर जावें, परतणाऱ्या बोटी पाहाव्या, साधनें गोड्या पाण्यानें धुतलीं जातात कीं वाळूंत पडून राहतात, तें न्याहाळावें, आणि चार प्रश्न विचारावे. त्यांत एक प्रश्न असा असावा : "गेल्या आठवड्यांत आपण कोणाला बुडीस नेण्याचें नाकारलें, आणि कां?" ज्याला असा एखादा प्रसंग चटकन आठवतो, त्याच्या हातीं घरचें मूल सोंपवावें. ज्यानें आजवर कोणालाच नाकारलें नाहीं, त्याचा दर कितीही कमी असो, तो सौदा महागच पडण्याचा संभव असतो. समुद्र तेथेंच राहणार आहे. आज नाहीं तर पुढच्या सुट्टींत तो पाहतां येईल.