फिरत्या घराचा पहिला मुक्काम : शहापूर-मुरबाडचे हिवाळी ऊन

दिवाळी उलटली, भाताची कापणी व झोडणी आटोपली, की माळशेज घाटाच्या वळणांवरून मेंढ्यांचे कळप खाली उतरू लागतात. घोड्यांच्या पाठीवर अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, कोंबड्यांचे खुराडे आणि त्यांवर बसविलेली लहान मुले असा सारा संसार लादलेला असतो. मेंढीला पाऊस आणि चिखल मानवत नाही. म्हणून घाटावरील धनगर कुटुंबे पावसाळा कोरड्या मुलखात काढतात, आणि पाऊस सरल्यावर ठाणे जिल्ह्यातील उघड्या, उन्हाळलेल्या खाचरांत वाडा बसवितात. मेंढ्या शेतात बसविल्याने जमिनीला खत मिळते व मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. मुक्काम हलविण्यापूर्वी वाड्यातील जाणता माणूस पुढे जाऊन चारा, पाणी आणि शेतमालकाचे मन या तीन गोष्टी पाहून येतो.

अलीकडे याच रस्त्यांवर दुसऱ्या एका प्रकारचे फिरते घर दिसू लागले आहे. मोटारीच्या सांगाड्यावर बिछाने, ओटा, शेगडी, शीतकपाट, न्हाणीघर व शौचालय बसविलेले हे वाहन ‘कॅराव्हॅन’ या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. वाहन आणि वाहन उभे करण्याचे सुसज्ज स्थान, म्हणजे कॅराव्हॅन पार्क, या दोन्ही अंगांचा त्यात विचार आहे. आदल्याच वर्षी, २०२० साली, कृषी पर्यटन धोरण आलेले असल्याने शेतकऱ्याच्या आवारात असे वाहन मुक्कामास येणे ही आता अशक्य कोटीतील गोष्ट राहिलेली नाही. मात्र ज्या कुटुंबाने असे वाहन प्रथमच भाड्याने घेतले आहे, त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘जावे कोठे आणि केव्हा’ हाच.

परदेशातील ऊन आणि आपले ऊन

युरोपात या प्रश्नाचे उत्तर ठरल्यासारखे आहे. हिवाळा लागला की उत्तरेकडील देशांतील निवृत्त मंडळी आपली मोटारगृहे घेऊन स्पेनचा अंदालुसिया, पोर्तुगालचा अल्गार्व किंवा समुद्र ओलांडून मोरोक्को गाठतात. ब्रिटनमधून निघणाऱ्यास वाहनासह बोटीने थेट उत्तर स्पेनमधील सांतांदेर किंवा बिल्बाओ येथे उतरता येते. फ्रान्समधील लांबचा रस्ता त्यामुळे वाचतो. मात्र ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून ब्रिटिश पारपत्रधारकास शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. त्याखेरीज रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहन हाकण्याची सवय करावी लागते आणि वाटेतील थंडीत नळ्यांमधील पाणी गोठणार नाही याची काळजी वाहावी लागते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही पहिल्या प्रवासाची आखणी करताना हेच हिशेब मांडावे लागतात.

आपल्याकडे ऊन दुर्मीळ नाही. उलट ते अंगावर येऊ नये म्हणूनच माणूस सावली शोधतो. तरीही शहापूर व मुरबाड या तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्या चार महिन्यांत जड वाहनाचे चाक माळावर टेकले की ते रुतलेच म्हणून समजावे. घाटात दरडी कोसळण्याचे भय निराळेच. पाऊस थांबला तरी कार्तिकात खाचरांतील ओल पुरती गेलेली नसते. दुसऱ्या टोकाला, एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या चार भिंती भट्टीसारख्या तापतात, आणि छतावरील सौरपट्टांच्या बळावर वातानुकूलन यंत्र रात्रभर चालेल अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. राहता राहिले मार्गशीर्ष ते माघ. दुपारी पारा तीस अंशांच्या आसपास, रात्री क्वचित बारा-पंधरा अंशांपर्यंत उतरणारा, जमीन टणक व आकाश स्वच्छ. पहिल्या प्रवासाला मानवणारे ऊन ते हेच.

या उन्हाचे मोजमापही करता येते. डिसेंबरच्या उत्तरार्धात, वर्षातील सर्वांत लहान दिवशी, शहापूरच्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. त्याच दिवशी स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर तो ३० अंशांपर्यंतच चढतो, तर लंडनला अवघा १५ अंश. सपाट छतावरील सौरपट्टावर पडणारे ऊन याच तिरपेपणाने घटते. डोक्यावर आलेल्या सूर्याच्या मानाने शहापुरास सुमारे तीन चतुर्थांश, स्पेनमध्ये निम्मे आणि लंडनला चौथाई अशी ढोबळ विभागणी होते. शिवाय आपला दिवस तेव्हाही अकरा तासांच्या घरात असतो. दिवे, पंखा व लहान शीतकपाट यांना एवढे पुरते.

सूर्य उशिरा उगवणारी गावे

मात्र या दोन तालुक्यांत सर्वत्र ऊन सारखे मिळत नाही, ही गोष्ट नकाशावरून लक्षात येत नाही. सह्याद्रीची मुख्य भिंत या प्रदेशाच्या पूर्वेस आहे. मुरबाडकडे नाणेघाट, माळशेज व भैरवगड, शहापूरकडे आजोबाचा डोंगर आणि त्यामागील रांग. कड्याच्या अगदी पायथ्याशी मुक्काम केला, तर पंचांगातील सूर्योदयानंतर तास-दीड तास सावलीतच जातो. थंडी रेंगाळते, छतावर दव तसेच राहते व विद्युत्‌घट भरण्यास उशीर होतो. पायथा सोडून पाच-सात किलोमीटर पश्चिमेस सरकले, की सकाळचे कोवळे ऊन वेळेवर मिळते आणि कड्यांची संपूर्ण रांगही नजरेत मावते. पायथ्याशी जाऊन कड्याकडे मान वर करून पाहण्यापेक्षा हे दृश्य निश्चितच अधिक भव्य असते.

रस्त्यांच्या दृष्टीने दोन्ही तालुके सोयीचे आहेत. शहापूर मुंबई-आग्रा महामार्गावर वसले आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तोही याच तालुक्यातून जातो. मुरबाड कल्याणहून सुमारे तीस किलोमीटरवर, माळशेजकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वर आहे. प्रथमच असे वाहन हाकणाऱ्याने कसारा किंवा माळशेज घाट चढण्याचा मोह पहिल्या खेपेस टाळावा, हे बरे. भरलेल्या टाक्यांसह घाट उतरताना गतिरोधकावर पडणारा भार छोट्या मोटारीच्या सवयीने ओळखता येत नाही. महामार्ग सोडून पाड्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर झाडांच्या फांद्या, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि वाहन वळविण्यास अपुरी जागा या अडचणी असतात. सुमारे तीन मीटर उंचीच्या वाहनास त्या खऱ्याच अडचणी होत. धनगराप्रमाणे आधी एकदा साध्या गाडीने, तेही दिवसाउजेडी, जागा पाहून यावी.

जागा पाहताना ती कोणाची आहे हेही विचारले पाहिजे. तानसा अभयारण्यात, अन्य वनजमिनीवर किंवा धरणांच्या आवारात परवानगीवाचून रात्र काढता येत नाही. फेब्रुवारीपासून वाळलेल्या गवताला वणव्याचे भय असते, त्यामुळे खासगी माळावरही उघडी शेकोटी नको. शेतकऱ्याच्या संमतीने, मोबदला ठरवून, खळ्यालगतच्या टणक जागेत वाहन उभे करणे सर्वांत चांगले. तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी तेथेच मिळू शकते. याच दिवसांत या भागातील अनेक कातकरी कुटुंबे बिऱ्हाड उचलून भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर गेलेली असतात व पावसाच्या तोंडाशी परततात. पाहुण्याला काही पाडे निम्मे रिकामे दिसतात, त्याचे कारण हे आहे. तेथील बंद झोपड्या म्हणजे ओस पडलेली जागा नव्हे.

पौष पौर्णिमेच्या सुमारास मुक्काम असेल तर मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील यात्रा चुकवू नये. गुरांचा बाजार, घोंगड्या आणि शेतीची अवजारे यांसाठी ती प्रसिद्ध आहे. मोठे वाहन मात्र गर्दीपासून दूर ठेवून पायीच जावे.

पाण्याचा हिशेब

आता सर्वांत नाजूक बाब. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांपैकी भातसा हा सर्वांत मोठा, एकूण साठ्याच्या निम्म्याच्या आसपास पाणी सामावणारा जलाशय शहापूर तालुक्यात आहे. तानसा धरण तर १८९२ सालचे. तरीही याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पावसाचे पाणी उतारावरून वाहून जाते, कातळाखाली ते फारसे मुरत नाही, आणि धरणातील पाणी नळांवाटे थेट महानगराकडे जाते.

कॅराव्हॅनमधील पाण्याची टाकी साधारणतः शंभर ते दोनशे लिटरची असते. चौघांच्या कुटुंबाने माणशी वीस लिटर इतक्या काटकसरीने पाणी वापरले तरी दोन दिवसांस १६० लिटर लागतात. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरलेले आहे. म्हणजे मे महिन्यात गावच्या विहिरीवर एक टाकी भरणे म्हणजे जवळजवळ तीन माणसांचे दिवसाचे पाणी उचलणे होय. पौषात विहिरींना पाणी असते. तेव्हा विचारून, पैसे देऊन टाकी भरल्यास कोणाचे अडत नाही. त्याहून बरे म्हणजे घरूनच टाकी भरून निघावे व दोन रात्रींहून अधिक मुक्काम ठेवू नये.

सांडपाण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. शौचालयाच्या टाकीत दुर्गंधी रोखण्यासाठी घातलेले रसायन ओहोळात गेले, तर ते ज्या पाणलोटात उतरते त्यातूनच पाड्याची विहीर आणि महानगराचा जलाशय भरत असतो. म्हणून ही टाकी ओढ्याकाठी, शेतात किंवा महामार्गाच्या कडेला कदापि रिकामी करू नये. पाड्यावरील घरगुती शोषखड्डाही यासाठी उपयोगाचा नाही, कारण त्यातील पाणी जमिनीतच झिरपते. ही सोय कोठे आहे हे वाहन भाड्याने देणाऱ्यास निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. वाटेत तशी सोय नसेल, तर झाकण घट्ट लावून टाकी परत न्यावी आणि शहरातील भूमिगत गटार-जोडणीवरच रिकामी करावी. परतीच्या प्रवासास दोन-तीन तास लागतात, आणि तेवढा वेळ बंद टाकी वाहनात राहिल्याने कोणतीही अडचण येत नाही.