पहिली रायफल (लक्ष्यवेधी नेमबाजी)

दूर पल्ल्याची लक्ष्यवेधी नेमबाजी शिकण्यासाठी निवडली जाणारी पहिली रायफल बहुधा ‘.२२ लाँग रायफल’ या काडतुसाची आणि बोल्ट पद्धतीची असते. या काडतुसाचा उगम अमेरिकेत १८८७ साली झाला. त्याची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची व ५.६ मिलिमीटर व्यासाची असते. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल प्रकारात हेच काडतूस वापरतात. तेथील लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते.

लहान काडतूस का?

तीनशे मीटर व त्यापुढील अंतरासाठी .३०८ विंचेस्टरसारखी मोठी काडतुसे प्रचलित आहेत, आणि नवशिक्याचा ओढा साहजिकच तिकडे असतो. मात्र मोठ्या काडतुसाचा धक्का व आवाज यांमुळे शरीर गोळी सुटण्यापूर्वीच आक्रसते. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटणे, खांदा पुढे ढकलणे या सवयी एकदा जडल्या की सुटता सुटत नाहीत. .२२ रायफलीत धक्का नगण्य असल्याने चूक झाली तर ती हाताची, श्वासाची की नेमाची, हे लक्ष्यपत्रिकेवर स्पष्ट दिसते. शिवाय मंद गतीची गोळी नळीत अधिक काळ राहते. त्यामुळे चाप ओढल्यानंतरही रायफल स्थिर धरून ठेवण्याची शिस्त आपोआप लागते.

दूर पल्ल्याचे खरे शिक्षण म्हणजे गोळीचे पडणे आणि वारा ओळखणे. स्पर्धेच्या काडतुसातील गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा थोडा कमी असतो. पन्नास मीटरला नेम जुळवलेल्या रायफलीची गोळी २०० मीटरवर नेमरेषेच्या एक मीटरहून अधिक खाली जाते, आणि वाराही तिला सहज ढकलतो. मोठ्या रायफलीला जे कित्येकशे मीटरच्या मैदानावर शिकावे लागते, ते येथे शंभर-दोनशे मीटरांतच शिकता येते, तेही स्वस्त काडतुसांत.

निवडीचे निकष

दस्ता अंगाला बसणे ही सर्वांत महत्त्वाची बाब होय. खांद्याला टेकणारा भाग व गालपट्टी मागेपुढे, वरखाली करता आली पाहिजे; गाल दरवेळी एकाच जागी टेकला नाही तर डोळा साईटच्या मध्याशी येत नाही. चाप हलका, पण मुख्यतः एकसारखा सुटणारा हवा. जड नळी स्थैर्य देते. किशोरवयीन खेळाडूला मात्र तीच भार होते. महागडी दुर्बीण ही नंतरची गोष्ट आहे. एकाच बनावटीच्या काडतुसांचे निरनिराळे लॉट एकाच नळीतून वेगवेगळा परिणाम देतात, म्हणून लॉट तपासून घेण्याची पद्धत आहे.

भारतातील स्थिती

भारतात .२२ रायफल हे अग्निशस्त्र असल्याने शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक असतो. त्यामुळे पुष्कळ विद्यार्थी १० मीटर एअर रायफलपासून आरंभ करतात आणि पुढे क्लबच्या रायफलीवर सराव करतात. अशी सामायिक रायफल कोणाच्याच मापाची नसते; प्रत्येक सत्राच्या आरंभी दस्त्याची आपली मापे नोंदवहीतून पाहून लावणे हा त्यावरचा साधा उपाय.

महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर परिसरात, या रायफलीची परंपरा ठळक आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, तर स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले.