एका सेट-टॉप बॉक्सवर दोन टीव्ही: वायरलेस किट कोणतं घ्यायचं, आणि कधी घ्यायचंच नाही?



सीसीटीव्ही, डीटीएच किंवा वायफाय फिटिंगची कामं करणाऱ्या प्रत्येकाकडे ही मागणी कधी ना कधी येतेच. हॉलमध्ये नवा मोठा टीव्ही, सेट-टॉप बॉक्स तिथेच. जुना टीव्ही बेडरूममध्ये गेलेला. काकू म्हणतात, "दादा, इथलंच तिकडे दिसू दे. पण भिंत फोडायची नाही आणि वायर दिसता कामा नये, आत्ताच रंग दिलाय."

या मागणीत धंदा आहे. पण बरेच जण सुरुवातच उलटी करतात. ऑनलाइन 'वायरलेस एचडीएमआय' शोधतात, खोक्यावर '२०० मीटर' वाचतात आणि होलसेलमध्ये स्वस्त पडतं म्हणून एकदम दहा किट उचलतात. पुढे त्यातली चार परत येतात आणि भांडवल कपाटात अडकून बसतं. व्हिडिओत मी हे थोडक्यात सांगितलं होतं, इथे सविस्तर सांगतो. कारण या कामात पैसा किट विकण्यात नाही, कोणत्या घरात किट चालेल हे ओळखण्यात आहे.

आधी एकच प्रश्न

घरात पाऊल टाकल्यावर हे विचारा: "काकू, दोन्ही टीव्हीवर एकच चॅनल दिसलं तर चालेल का?"

वायरलेस किट म्हणजे दोन डब्या. एक सेट-टॉप बॉक्सला लागते, ती चित्र हवेत सोडते. दुसरी बेडरूमच्या टीव्हीला लागते, ती ते पकडते. बॉक्स एकच असल्यामुळे चॅनलही एकच. हॉलमध्ये काका बातम्या बघत असतील तर बेडरूममध्ये काकूंची मालिका लागणार नाही. अर्ध्याहून जास्त भांडणं इथेच होतात, कारण ग्राहकाने हे गृहीत धरलेलं नसतं आणि फिटरने सांगितलेलं नसतं.

उत्तर "नाही, वेगवेगळं पाहिजे" असं आलं, तर किटचा विषय तिथेच संपवा. त्यांना दुसरा बॉक्स हवाय. ट्रायने २०२० च्या दुरुस्तीत एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीचं नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित केलं होतं. २०२४ मध्ये या शुल्कावरचं बंधन काढून ते ऑपरेटरवर सोपवलं. त्यामुळे आज दर ऑपरेटरप्रमाणे वेगळा असतो, तो ग्राहकासमोरच फोन करून विचारा. आणि घरात चांगलं वायफाय असेल, बघणं बहुतेक ॲपवरच होत असेल, तर जुन्या टीव्हीला एक स्ट्रीमिंग स्टिक पुरते. तिथे महागडं किट विकलंत तर या महिन्यात कमवाल, पण पुढचं काम जाईल.

"हो, एकच चाललं तरी चालेल", असं म्हटलं की मग पुढे जा. आजोबा झोपून क्रिकेट बघतात, सून स्वयंपाकघरात काम करताना तेच ऐकते, अशा घरात किट खरंच सोयीचं पडतं.

खोक्यावरचे मीटर आणि घरातले मीटर

'२०० मीटर' हे खोटं असेलच असं नाही. पण ते मोकळ्या मैदानातलं, मध्ये काहीही नसतानाचं अंतर आहे. टू बीएचकेमध्ये असं मैदान कुठून आणणार?

थोडं गणित समजून घ्या, ग्राहकाला पटवताना कामी येतं. फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १९२०, उभे १०८० ठिपके, सेकंदाला ६० चित्रं, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट. गुणाकार केला तर सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट होतात. म्हणजे घरातल्या १०० एमबीपीएस इंटरनेट प्लॅनच्या तीसपट! एवढा माल हवेतून न्यायचे दोनच मार्ग आहेत.

पहिला, ६० गिगाहर्ट्झची लहर वापरायची. तिच्यावर भरपूर माल मावतो, चित्र जवळजवळ जसंच्या तसं जातं, उशीरही लागत नाही. पण ही लहर भिंत ओलांडत नाही. मधून माणूस गेला तरी चित्र अडखळू शकतं. एकाच खोलीत, समोरासमोर, सीलिंगच्या प्रोजेक्टरसाठी ती उत्तम. हॉल ते बेडरूम या कामासाठी नाही.

दुसरा मार्ग ५ गिगाहर्ट्झचा. ही लहर एक-दोन विटांच्या भिंती पार करते, पण तिच्यावर ३ गिगाबिट मावत नाहीत. म्हणून किट चित्र दाबून, लहान करून पाठवतं आणि पलीकडे पुन्हा उलगडतं. यात वेळ जातो. किटप्रमाणे हा उशीर कमी-जास्त असतो, पण असतोच. मालिकेला काही फरक पडत नाही. क्रिकेटला मात्र गंमत होते: हॉलमध्ये "आउट!" असा आरडाओरडा झाल्यावर बेडरूममध्ये चेंडू पडतो. हे आधी हसत हसत सांगून ठेवा, नाहीतर नंतर ती तक्रार म्हणून येते. गेम खेळणाऱ्या मुलाने प्लेस्टेशनसाठी असं किट मागितलं तर स्पष्ट नाही म्हणा.

२.४ गिगाहर्ट्झवरचे जुने, स्वस्त सेंडरही बाजारात दिसतात. त्या पट्ट्यात शेजाऱ्यांचं वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळ्यांची गर्दी असते. फ्लॅटमध्ये त्यांच्या नादी लागू नका.

आता भिंती. नऊ इंची विटांची एक भिंत बहुतेक वेळा चालते. आरसीसीची भिंत किंवा स्लॅब आला की सिग्नल पडतो, कारण आत सळया आहेत. बंगल्यात खालून वर पाठवायचं काम घेताना म्हणूनच सावध राहा. कोकणातली जांभ्याची जाड भिंत आणि जुन्या वाड्याच्या दोन-अडीच फुटी भिंतीही अवघड. शिवाय भिंतीपेक्षा घातक ठरतात त्या भिंतीला लावलेल्या वस्तू: लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, माशांचं टँक. कित्येकदा कपाट दोन फूट सरकवल्यावर चित्र स्थिर होतं. आणि डबी टीव्हीच्या बरोबर मागे लपवू नका. ग्राहकाला ती दिसायला नको असते हे खरं, पण टीव्हीच्या मागचा धातूचा पत्राच तिला आडवा येतो.

फुकटात होणारी चाचणी

किट घेऊन जाण्याआधीच निम्मा अंदाज येतो. एक फोन जिथे पाठवणारी डबी बसणार तिथे ठेवा, त्यावर ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट चालू करा. दुसऱ्या फोनवर वायफाय ॲनालायझर ॲप घेऊन बेडरूमच्या टीव्हीजवळ उभे राहा, दार बंद करा. ॲप सिग्नल वजा आकड्यात दाखवतं. माझा ठोकताळा असा: उणे ६० च्या आसपास असेल तर काम होईल, उणे ७० च्या खाली घसरला तर किट उघडूसुद्धा नका.

ही चाचणी पास झाली की डेमो किट घेऊन जा. होय, तुमच्याकडे विक्रीचा साठा नको, पण एक डेमो किट पाहिजेच. ते विकायचं नाही, ते तुमचं अवजार आहे. शक्यतो संध्याकाळी आठ-नऊला जा, कारण तेव्हा सगळ्या बिल्डिंगचं वायफाय जोरात चालू असतं. डब्या शेवटी जिथे बसणार तिथेच ठेवा, दारं बंद करा आणि न्यूज चॅनल लावा. खाली पळणारी बातम्यांची पट्टी ही सगळ्यात कडक परीक्षा. चित्र थोडं जरी अडखळलं तरी ती पट्टी लगेच झटके देते. वीस मिनिटं तशीच चालू ठेवा, तोवर चहा घ्या.

झटके आले तर लगेच हार मानू नका. घरातला राउटरही ५ गिगाहर्ट्झवरच असेल तर दोघं एकाच चॅनलवर भांडत असतील. राउटर ३६ ते ४८ यांपैकी एका चॅनलवर बसवा, किटला चॅनल बदलायची सोय असेल तर ते १४९ च्या पुढे न्या. चित्र मधूनच काळं पडून परत येत असेल तर आधी वीजपुरवठा तपासा. घेणारी डबी बरेच जण टीव्हीच्याच यूएसबीवर चालवतात, आणि जुन्या टीव्हीचा यूएसबी अनेकदा अर्धा अँपिअरच देतो. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर लावला की निम्म्या 'खराब' किट बऱ्या होतात. हा ॲडॉप्टर कोटेशनमध्ये आधीच धरा.

किट निवडताना काय बघायचं

सगळ्यात आधी बघा पाठवणाऱ्या डबीवर एचडीएमआयचं 'लूप आउट' आहे का. ते असेल तर बॉक्समधून आलेली वायर डबीत आणि डबीतून हॉलच्या टीव्हीत जाते. नसेल तर वेगळा स्प्लिटर लागतो, म्हणजे आणखी एक डबी, एक ॲडॉप्टर आणि एक बिघडायची जागा.

मग रिमोट. काका बेडरूममध्ये झोपून चॅनल बदलणार कसं? चांगल्या किटमध्ये आयआर परत पाठवायची सोय असते: बेडरूममधल्या डबीकडे रिमोट दाबला की हॉलमधली छोटी वायर बॉक्सच्या डोळ्यासमोर तोच इशारा देते. पण नव्या अँड्रॉइड सेट-टॉप बॉक्सचे रिमोट बऱ्याचदा ब्लूटूथवर चालतात, तिथे या वायरचा उपयोग नाही. म्हणून बॉक्सचं मॉडेल आधी विचारून घ्या.

तिसरी गोष्ट एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप. बॉक्स समोरच्या उपकरणाला हे कुलूप उघडता येतं का ते तपासतो. किटला येत नसेल तर काळा पडदा दिसतो आणि तुम्ही उगाच वायरी बदलत बसता. फुल एचडीला एचडीसीपी १.४ चालतं, फोर-के मजकुराला २.२ लागतं. पण फोर-के किटसाठी ग्राहकाचे जास्तीचे पैसे घालवण्याआधी एवढं लक्षात घ्या की आपल्याकडची बहुतेक एचडी चॅनल १०८० रेषांचीच येतात. त्यासाठी फुल एचडी किट पुरेसं आहे. जुना टीव्ही फक्त ७२० वाला असेल तर कधी कधी दोन्हींना जुळावं म्हणून बॉक्स मोठ्या टीव्हीचं चित्रही खाली आणतो. हेही जागेवरच दाखवा.

आणि कागद. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे आपल्याकडे २०१८ मध्ये परवानामुक्त झाले, पण उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मान्यता लागते. होलसेलरकडे तिचा क्रमांक आणि जीएसटी बिल मागा. "सगळे असंच विकतात" असं उत्तर आलं तर दुसरा होलसेलर शोधा. परत केलेलं किट तो किती दिवसांत बदलून देतो, हेही लिहून घ्या.

आता पैशांचं बोलू

उदाहरणादाखल आकडे धरू, तुमच्या गावात ते वेगळे असतील. किट तुम्हाला ८,००० ला पडलं, ९,२०० ला विकलं, फिटिंगचे ८०० घेतले. हातात राहिले २,०००. आता तेच किट आठ दिवसांनी परत आलं. ग्राहकाला पैसे दिले, उघडलेलं खोकं कसंबसं ५,५०० ला गेलं. तोटा २,५००, शिवाय दोन हेलपाट्यांचं पेट्रोल. म्हणजे परत आलेलं एक किट एका चांगल्या कामाची अख्खी कमाई खाऊन वर पाचशे घेऊन जातं. दहा किटचा साठा केलात तर ८०,००० अडकतात, आणि हा माल महिन्या-महिन्याला स्वस्त होत असतो.

म्हणून चाचणीचे पैसे घ्या. समजा ३०० रुपये. काम मिळालं तर बिलात वजा करा, नाही मिळालं तर तुमची संध्याकाळ वाया गेली नाही. "नुसतं बघायचे कसले पैसे?" असं कुणी म्हटलं तर सांगा, "ताई, चालणार नसेल तर मी तुम्हाला विकणारच नाही, त्याचे हे पैसे." बहुतेक लोकांना हे पटतं.

चाचणी नापास झाली तरी काम सुटलं असं समजू नका. बेडरूममध्ये टीव्ही पॉइंटची प्लेट असेल तर उघडून बघा. बिल्डरने टाकलेल्या पाइपातून नवी वायर ओढता आली तर कॅट-सिक्स केबल आणि एचडीएमआय एक्स्टेंडर लावा. किटपेक्षा भरवशाचं आणि अनेकदा स्वस्तही पडतं. पाइप नसेल तर दाराच्या चौकटीकडेने पांढरी केसिंग पट्टी नीट मारून दाखवा. रंगाची काळजी करणाऱ्या काकू एक फूटभर नमुना बघून तयार होतात. मजुरीही तुम्हाला इथेच जास्त मिळते.

दोन मागण्यांना मात्र नाही म्हणायचं. एक, बॉक्स आमचा आणि टीव्ही शेजारच्या फ्लॅटमध्ये. घरगुती कनेक्शन त्या एका घरासाठी असतं. दुसरी, खानावळ, जिम किंवा सलूनमध्ये घरचंच कनेक्शन पसरवणं. ट्रायच्या नियमांत व्यावसायिक ग्राहक हा वेगळा प्रकार आहे, मालकाला आधी ऑपरेटरकडून तसं कनेक्शन घ्यायला सांगा. ते झालं की जोडणीचं काम बिनधास्त घ्या, कारण अशा ठिकाणी एकाच वेळी तीन-चार टीव्ही असतात आणि सगळ्यांवर एकच चॅनल चालतं.

बिलावर चार ओळी हाताने लिहायच्या: दोन्ही टीव्हीवर एकच चॅनल दिसेल, चित्र थोडं उशिरा येईल, चाचणी अमुक जागी, दार बंद ठेवून झाली, कपाट किंवा राउटर हलवल्यास पुन्हा येण्याचे वेगळे पैसे. खाली ग्राहकाची सही घ्या आणि बसवलेल्या डब्यांचा फोटो त्यांच्यासमोरच व्हॉट्सॲपवर पाठवा.