सेरामपूरचा करार : सेवाकार्याच्या नियोजनाचा एक धडा

आपल्या ख्रिस्तसभेत धर्मप्रांताचे पालकीय नियोजन महागुरूंच्या मार्गदर्शनाखाली होते. बॅप्टिस्ट परंपरेत महागुरूपद नाही. तेथे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. मंडळ्यांचा संघ असतो तो परस्पर साहाय्यासाठी, आज्ञा देण्यासाठी नव्हे. मग अशा स्वतंत्र वृत्तीच्या माणसांनी सेवाकार्याची दिशा एकत्रितपणे कशी ठरवावी? या प्रश्नाचे एक बोलके उत्तर आपल्याच देशात, बंगालमधील सेरामपूर येथे, १८०५ साली लिहिले गेले.

त्याची पूर्वपीठिका इंग्लंडमधील आहे. पूर्वी जोडे शिवण्याचा व्यवसाय करणारे बॅप्टिस्ट पाळक विल्यम केरी यांनी १७९२ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत देशोदेशींची लोकसंख्या व तेथील धर्म यांचे तक्ते होते. केवळ भावनेला हात न घालता त्यांनी परिस्थितीचा हिशेब मांडला. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी संस्था स्थापन झाली. त्या दिवशी वर्गणीची जी वचने मिळाली, त्यांची बेरीज अवघी १३ पौंड, २ शिलिंग व ६ पेन्स एवढी होती.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून १८०० साली केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड डॅनिश अमलाखालील सेरामपूर येथे एकत्र राहू लागले. केरी भाषांतर पाहत, वॉर्ड छापखाना आणि मार्शमन शाळा. सर्वांची मिळकत एकाच तिजोरीत जमा होई. आपसांतील कुरबुरी मिटविण्यासाठी शनिवारी सायंकाळी बैठक भरे.

या सहजीवनातून ऑक्टोबर १८०५ मध्ये अकरा कलमांचा करार सिद्ध झाला. लोकांचे विचार व चालीरीती समजून घेणे, त्यांचा अकारण रोष ओढवेल असे वर्तन टाळणे, त्यांना बरोबरीने वागविणे, पवित्र शास्त्राचे भाषांतर करणे, शाळा चालविणे, प्रार्थनेत सातत्य राखणे आणि स्वतःसाठी काहीही न राखणे, ही त्यातील मुख्य सूत्रे होत. स्थानिक मंडळ्यांना त्यांच्यातूनच पाळक मिळावेत, असाही आग्रह त्यात होता. परक्या माणसावाचून काम चालू राहावे, हे ध्येय त्या काळी सामान्य नव्हते.

भाषांतराच्या कार्याचा लाभ मराठीलाही झाला. केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्येच निघाले. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी नवा करार १८११ साली छापला गेला.

सर्वांत लक्षणीय गोष्ट मात्र निराळीच. हा करार जानेवारी, मे व ऑक्टोबर महिन्यांच्या पहिल्या रविवारी, म्हणजे वर्षातून तीनदा, प्रत्येक केंद्रात मोठ्याने वाचला जावा, असे ठरले. आज्ञा देणारा कोणी नसल्यामुळे संमतीचे वारंवार स्मरण हाच त्यांचा आधार होता.

तरीही एक बाजू उघडी राहिली. मालमत्तेवर हक्क कोणाचा आणि इंग्लंडमधील समितीचा अधिकार कोठवर, याचा उलगडा या कलमांत नव्हता. समितीचे चिटणीस अँड्र्यू फुलर १८१५ साली निवर्तले. व्यक्तिगत विश्वासावर टिकलेले संबंध त्यानंतर ताणले गेले आणि १८२७ साली सेरामपूर व मूळ संस्था विभक्त झाल्या. पुनर्मीलन १८३७ साली झाले. तोवर वॉर्ड व केरी हयात नव्हते.

आपल्या धर्मग्राम परिषदांनाही यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. उत्साहाच्या दिवसांत ध्येये लिहिणे सोपे असते. निधी, मालमत्ता व निर्णयाचा अधिकार यांविषयी स्नेह शाबूत असतानाच बोलून घेणे अवघड, पण तितकेच आवश्यक असते. आपण तयार केलेला आराखडा वर्षातून किती वेळा सर्वांसमक्ष वाचला जातो, हा प्रश्न आपण पुढच्या सभेत अवश्य विचारू या.