एका फळीची रेहल

कळव्याच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर. मधल्या पट्टीत आणि डोंगराच्या उतारावर घरे दाटीने उभी आहेत. पुष्कळ घरांत एकाच खोलीत सहरी होते, तिथेच नमाज, संध्याकाळी तिथेच इफ्तारचे दस्तरखान आणि रात्री तिथेच अंथरुणे. अशा घरात कायमचे टेबल ठेवायला जागा कुठली? मग तिलावतीच्या वेळी कुरआन शरीफ उशीवर ठेवले जाते. उशी दबते, पुस्तक एका बाजूला कलते आणि पुन्हा पुन्हा सपाट उघडल्याने जुन्या प्रतीची शिवण सैल होऊ लागते. रमजानमध्ये रोज एक सिपारा वाचला तर तीस दिवसांत तीस सिपारे पूर्ण होतात. म्हणजे आजोबांच्या वेळची प्रतही महिनाभर रोज उघडली जाते.

या अडचणीवरचे उत्तर फार जुने आहे: रेहल. वाचताना ते छोटे टेबल असते. वाचून झाले की नुसती फळी. पुस्तक तिच्यावर अर्धेच उघडते, त्यामुळे बांधणीवर ताण येत नाही आणि वाचणाऱ्याची मानही फार वाकत नाही.

शब्द अरबी आहे. ‘रहल’ म्हणजे उंटाच्या पाठीवरचे खोगीर. प्रवासाला ‘रिहला’ म्हणतात, तोही याच धातूतून आलेला. उघडलेली रेहल बाजूने पाहिली की खोगिराची आठवण का झाली असेल ते कळते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मध्य आशियातली एक कोरीव रेहल आहे. तिच्यावर कारागिराचे नाव आहे, हसन बिन सुलेमान इस्फहानी, आणि साल हिजरी ७६१, म्हणजे इसवी सन १३६०. विशेष म्हणजे ती सागवानाची आहे. मध्य आशियात साग उगवत नाही; ते लाकूड लांबचा प्रवास करूनच त्या कारागिराच्या हाती पडले असणार. ठाणे जिल्ह्यात मात्र साग घरचाच.

आज बाजारात तयार रेहल सहज मिळते. दोन पट्ट्या आणि मधे लोखंडी बिजागरी अशीही मिळते. अस्सल रेहलीत मात्र खिळा नसतो, डिंक नसतो, दुसरा तुकडाही नसतो. ती एकाच फळीतून निघते, आणि हे काम घराच्या गॅलरीतही करता येते. लागते काय? बारीक दातांची करवत, पटाशी, मोगरी, गुण्या, कानस आणि पॉलिश पेपर. पाडलेल्या जुन्या इमारतींच्या दारे-खिडक्यांचे सागवान सर्वांत चांगले. वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने ते सहसा वाकत नाही. फक्त आत मोडून राहिलेला खिळा आहे का, ते आधी लोहचुंबकाने पाहावे. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने सरळ हव्यात आणि मधे गाठ नसावी.

फळी १६ इंच लांब, ७ इंच रुंद, १ इंच जाड घ्यावी. खालच्या टोकापासून ६ इंचांवर आडवी रेघ मारावी. ही बिजागरीची जागा. अशी रेहल काटकोनात उघडली की तिच्या वरच्या कडा जमिनीपासून साधारण ११ इंच उंच राहतात आणि पुस्तकाचा कणा टेकतो ती जागा ४ इंचांवर येते. मांडी घालून बसणाऱ्याला हे माप सोयीचे पडते.

आता रुंदीचे सात सारखे भाग करावेत. संख्या विषम हवी, म्हणजे दोन्ही कडांचे भाग एकाच पानाच्या वाट्याला येतात. समोरून एकाआड एक भागांत रेघेच्या खाली पटाशीने उतरती खाच घ्यायची, उरलेल्या भागांत रेघेच्या वर. फळी उलटली की नेमका उलटा क्रम. खाच अर्ध्या जाडीपर्यंतच न्यायची. मधे उरलेली प्रत्येक गाठ कानशीने गोल करायची. खाचेचा उतार जेवढा, तेवढीच रेहल पुढे उघडणार. नक्षी कोरायची असेल आणि खालच्या टोकाला मेहराबीसारखी कमान देऊन पाय काढायचे असतील, तर तेही आत्ताच, फळी अखंड असताना.

मग अत्यंत बारीक पात्याने शेजारच्या गाठी एकमेकींपासून सोडवायच्या. शेवटचे काम सर्वांत सब्राचे असते. फळीच्या जाडीच्या बरोबर मधोमध, दोन्ही टोकांकडून बिजागरीपर्यंत करवत चालवायची. इथे हात रेसभर जरी सरकला तरी एक पान पातळ आणि दुसरे जाड होते, आणि ही चूक दुरुस्त करता येत नाही. दुसरा तुकडा जोडायची सोयच नसते. असर ते मगरिब या वेळेत रोज थोडे थोडे केले तरच हात स्थिर राहतो. घाई केली तर फळी वाया गेलीच समजा.

सगळे नीट जमले तर दोन्ही कडांना हलका ताण देताच आत राहिलेले तंतू कट्‌कन सुटतात आणि फळी उघडते. एका फळीची दोन पाने होतात, पण एकमेकांत अशी गुंतलेली की मोडल्याशिवाय ती वेगळी करता येत नाहीत.

महाराष्ट्राला ही वस्तू परकी नाही. ज्ञानेश्वरीच्या पारायणात वाचकासमोर पोथी ठेवायला अशीच घडीची लाकडी बैठक असते. तिला व्यासपीठ म्हणतात. त्याच शब्दाला आता सभेचा मंच असा अर्थ आला आहे, पण घरातले व्यासपीठ अजून वीतभर उंचीचेच आहे. एकाच चाळीत एका घरात रेहल आणि शेजारी व्यासपीठ असेल, तर दोन्ही करणाऱ्या सुताराची पटाशी एकच असू शकते. घराची अडचणही तीच, जागा कमी आणि ग्रंथ मोठा.

शेवटी जवसाच्या तेलाचा हात फिरवला की सागाचा रंग उजळतो. सिपारा संपतो. कुरआन शरीफ गिलाफात जाते, रेहल मिटून वरच्या फळीवर. खोली पुन्हा मोकळी होते आणि त्याच जागेवर दस्तरखान अंथरले जाते.