कुकरची शिट्टी आणि ८६ विधानं : संवेदनांच्या प्रश्नावलीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात. मानेमागचं लेबल कापल्याशिवाय शर्ट अंगात जात नाही. केस कापायचे तर धरायला दोन माणसं लागतात. अशी तक्रार घेऊन पालक ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गेले की पुष्कळदा त्यांच्या हाती एक लांबलचक प्रश्नावली येते. अमेरिकेतल्या विनी डन यांची ‘सेन्सरी प्रोफाइल’ (१९९९, सुधारित आवृत्ती २०१४) ही त्यांतली एक नावाजलेली. तीन ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीच्या फॉर्ममध्ये ८६ विधानं आहेत : आवाज, उजेड, स्पर्श, हालचाल, अंगाची ठेवण, तोंडातल्या संवेदना आणि या सगळ्यांशी जोडलेली वागणूक. फॉर्म भरणं अवघड नाही. घोळ होतो तो त्याचा अर्थ लावताना.

गैरसमज १ : ही सगळी लाडाची लक्षणं. दोन रट्टे दिले की जातील.

वस्तुस्थिती : आवाज किंवा स्पर्श किती झाला म्हणजे मेंदू त्याची दखल घेतो, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ज्याला थोडक्यातच जाणवतं, ते मूल एक तर त्यापासून पळतं, नाहीतर तिथेच बसून बेजार होतं. ज्याला बरंच झाल्याशिवाय जाणवत नाही, ते एक तर सोफ्यावरून उड्या मारून संवेदना मिळवत राहतं, नाहीतर ओठाला वरण लागलेलं असतानाही त्याला पत्ता नसतो. डन यांच्या मांडणीतले चार प्रकार ते हेच. एकाच मुलात दोन-तीन प्रकारही सापडतात : आवाजाला हळवं, पण झोक्यावरून उतरायला तयार नाही. रट्ट्याने मूल गप्प बसेल. शिट्टी त्याला तेवढीच मोठी ऐकू येईल.

गैरसमज २ : जास्त गुण म्हणजे मूल नापास.

वस्तुस्थिती : इथे पास-नापास नाही. गुण एवढंच सांगतात की हे मूल इतर मुलांच्या मानाने कुठे आहे. समजा, एका वर्गात पन्नास मुलं आहेत. एखाद्या विभागात साधारण ३४ मुलं ‘बहुतेकांसारखी’ निघतील, सातेक ‘इतरांपेक्षा जास्त’ आणि एखादं ‘खूपच जास्त’. तेवढीच मुलं कमीच्या बाजूलाही असतील. म्हणजे रिपोर्टमध्ये एका ठिकाणी ‘जास्त’ लिहून आलं, तर तसली सहा-सात मुलं प्रत्येक वर्गात असतात. आणखी एक गोम : १९९९ च्या आवृत्तीत ‘नेहमी’ला एक गुण होता, २०१४ च्या आवृत्तीत ‘जवळजवळ नेहमी’ला पाच आहेत. जुना रिपोर्ट नव्याशेजारी ठेवून आकडे ताडून पाहिले, तर अर्थ उलटाच लागतो.

गैरसमज ३ : ही ऑटिझमची चाचणी आहे.

वस्तुस्थिती : नाही. संवेदनांना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद हे ऑटिझमच्या निकषांपैकी एक आहे. अमेरिकेच्या ‘डीएसएम-५’ या निदान-पुस्तिकेने २०१३ मध्ये त्याचा समावेश केला. पण तेवढ्यावर निदान होत नाही, आणि ऑटिझम नसलेल्या अनेक मुलांमध्येही तो आढळतो. आपल्याकडच्या ‘इसा’ या ऑटिझम-मापनपट्टीतही ४० बाबींचे सहा गट आहेत. संवेदना हा त्यांतला फक्त एक. संवेदनांच्या अशा अडचणींना दिलं जाणारं ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे नावही स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये, असं अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये सुचवलं होतं. हाक मारल्यावर मूल वळून बघत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत, फॉर्म त्यानंतर.

गैरसमज ४ : पालकांनी भरलेला फॉर्म म्हणजे नुसता अंदाज.

वस्तुस्थिती : अंदाज कमी व्हावा म्हणूनच पर्यायांना मापं दिली आहेत. ‘जवळजवळ नेहमी’ म्हणजे दहापैकी नऊ वेळा किंवा त्याहून जास्त, ‘वारंवार’ म्हणजे चारपैकी तीनदा, मग निम्म्या वेळा, चारपैकी एकदा, आणि शेवटी दहापैकी फार तर एकदा. केस कापण्याबद्दलचं विधान आलं, तर मागचे चार प्रसंग आठवायचे. तीनदा रडारड झाली असेल, तर खूण ‘वारंवार’वर. परवाचाच तमाशा डोळ्यांपुढे असतो, म्हणून हात ‘नेहमी’कडे जातो, तो आवरायचा. शिक्षकांसाठी वेगळा फॉर्म आहे. घरचं आणि शाळेचं उत्तर जुळलं नाही म्हणून कुणी खोटं ठरत नाही. शांत घरात निवांत असणारं मूल मधल्या सुट्टीच्या गोंगाटात कावरंबावरं होऊ शकतं. ती तफावत थेरपिस्टच्या कामाची असते.

गैरसमज ५ : इंग्रजी फॉर्म मराठीत वाचून दाखवला की काम झालं.

वस्तुस्थिती : शब्द बदलले तरी मोजपट्टी अमेरिकेतल्या मुलांचीच राहते. तिथे जेवताना हात बरबटणं वेगळं, आणि रोज हाताने वरणभात कालवणाऱ्या घरात वेगळं. गणपतीत ढोल-ताशाजवळ उभं राहून कान झाकणारं मूल बाकी वर्षभर मजेत असेल, तर ते उत्तर त्या दहा दिवसांपुरतंच धरायला हवं. म्हणून जाणकार थेरपिस्ट फक्त आकड्यांवर थांबत नाही. तो मुलाला खेळताना पाहतो आणि पालकांना खोदून विचारतो : हे कधी होतं, कुठे होतं, आणि त्याने नेमकं काय अडतं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. शिट्टीला कान झाकून मूल पुढच्या मिनिटाला खेळायला लागत असेल, तर ‘इतरांपेक्षा जास्त’ असूनही काही करायची गरज नसते. शिट्टीच्या धास्तीने ते स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नसेल आणि जेवणही सोडत असेल, तर करायला हवं. रिपोर्ट हातात आला की ८६ विधानांपैकी ज्यांनी घरात रोज अडतं, अशा दोन-तीन विधानांवर पेन्सिलीने गोल करा आणि थेरपिस्टशी बोलणं तिथूनच सुरू करा.